आधी कोरी कॅसेट ऐकवा

भागीरथाबाईंना कोणी म्हटलं की तुम्ही वाचता फार छान, तर त्यांना राग यायचा. छापलेलं आहे ते तोंडानं म्हणायचं, त्यात छान ते काय, असं त्या फटकन बोलून मोकळ्या व्हायच्या. शिक्षण जुनी सातवी. माहेर काटोलजवळच्या खेड्यातलं. वडलांचा संत्र्याचा बगीचा होता, आणि पेपर आला की वडील झाडाखाली बसून पोरीकडून वाचून घ्यायचे. शेजारी मजूर पेट्यांना खिळे ठोकत असायचे. त्या ठोकाठोकीत शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल असं वाचायची सवय पोरीला लागली, ती साठी जवळ आली तरी सुटली नाही. आवाज खणखणीत, शब्द सुटा सुटा, आणि एखादी गोष्ट पटली नाही की वाचता वाचता मध्येच स्वतःचं मत. ते मत अर्थातच छापलेलं नसायचं.

नवरा देवराव पोस्टात होते. एकोणऐंशी साली रिटायर झाले आणि दोघं प्रताप नगरात नव्या बांधलेल्या दोन खोल्यांत राहायला आले. तेव्हा तिथं दहा-बारा घरं होती, बाकी सगळे मोकळे प्लॉट आणि त्यांत चरणाऱ्या गाई. मुलगा-सून भिलाईला. देवराव मुळातच मोजकं बोलणारे. पहिल्या आठवड्यातच भागीरथाबाईंना घर खायला उठलं, आणि दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या जिजाबाईची रुख्मिणी दारात येऊन उभी राहिली.

रुख्मिणीला दिसत नव्हतं. तीन वर्षांची असताना गोवर निघाला आणि जाताना डोळे घेऊन गेला. पण पोरगी मोठी जिद्दीची. ब्रेल शिकली, मॅट्रिक झाली, कॉलेजात नाव घातलं आणि तिथं अडली, कारण बी.ए.ची पुस्तकं ब्रेलमध्ये मिळेनात. आईला अक्षरओळख नाही, वडील मिलमध्ये पाळीवर. तिनं भागीरथाबाईंना सरळच विचारलं, की तुम्ही रोज पेपर वाचता तो आमच्या घरी आयताच ऐकू येतो, तर त्याऐवजी माझं पुस्तक वाचाल का? भागीरथाबाईंना हा सवाल इतका आवडला की त्यांनी चहा व्हायच्या आधीच पहिला धडा वाचून काढला.

अडीच वर्षं हे चाललं. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र. अर्धं भागीरथाबाईंना कळायचं नाही, पण वाचणं कधी चुकलं नाही. पोरगी दोन वर्षं पास झाली. बी.ए. झालीस तर शिक्षिका म्हणून घेतो, असं एका शाळेनं तिला कबूलही केलं. आता फक्त शेवटची परीक्षा राहिली होती, मार्चअखेरची, आणि नेमके तेव्हाच भागीरथाबाईंचे डोळे दगा द्यायला लागले.

मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी आठ फेब्रुवारी तारीख दिली. एप्रिलपर्यंत थांबा म्हणून भागीरथाबाईंनी हुज्जत घातली, तर डॉक्टर खवळले. म्हणाले, एप्रिलपर्यंत थांबलात तर तुम्हाला पुस्तक आणि पाटा यातला फरक कळणार नाही, मग काय वाचाल? ऑपरेशननंतर पट्टी, मग चष्म्याचा नंबर निघेस्तोवर दीड-दोन महिने वाचन बंद. म्हणजे ऑपरेशन करा नाहीतर करू नका, परीक्षेच्या दिवसांत रुख्मिणीला वाचून दाखवणारं कोणी नव्हतं. देवरावांना बसवून पाहिलं. त्यांनी अर्धं पान वाचलं आणि पुस्तक छातीवर ठेवून ते निवांत घोरायला लागले.

टेपची कल्पना रुख्मिणीची. काकूंनी तिन्ही पुस्तकं आत्ताच टेपमध्ये वाचून ठेवायची, मग डोळ्यांना पट्टी असो की काही असो, ती आपली ऐकत बसेल. तिचा मामेभाऊ रविंद्र याच्याकडून एक टेपरेकॉर्डर दोन दिवसांसाठी मागून आणला. भागीरथाबाईंनी उत्साहानं एक धडा वाचला. रुख्मिणीनं तो तासभर ऐकला आणि डोकं धरून बसली. मशीनच्या मोटारीची घरघर आवाजाच्या जोडीनं टेपमध्ये शिरली होती. ती म्हणाली, काकू, तुम्ही गिरणीत उभ्या राहून वाचल्यासारखं वाटतं. रोज पाच-सहा तास ही गिरणी ऐकायची तर धडा राहील बाजूला आणि डोकंच फुटेल.

म्हणजे टेप हवा, आणि तोही मुका हवा. देवरावांना रिटायर झाल्यापासून रेडिओ घ्यायचा होता, त्यासाठी पैसे काढून ठेवलेले होते. भागीरथाबाईंनी त्या पैशावर डोळा ठेवला. देवराव पोस्टातले, तडजोडीत मुरलेले. ते म्हणाले, मग रेडिओ आणि टेप एकत्र असतो तसा घेऊ, क्रिकेटची कॉमेंट्रीही होईल आणि पोरीचा अभ्यासही होईल. ठरलं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिघं सिटी बसनं सीताबर्डीला गेले.

काय सांगावं त्या दिवसाचं! भागीरथाबाई स्वतःच्या लग्नाच्या खरेदीलाही इतक्या हुरूपानं निघाल्या नसतील. पहिल्या दुकानदारानं गिऱ्हाईक बघून मोठ्या आवाजात गाणं लावलं, एवढं मोठं की समोरचा पेरूवाला डोलायला लागला. गाणं संपेपर्यंत रुख्मिणी हात जोडून उभी होती. मग म्हणाली, "भाऊ, गाणं चांगलं आहे. आता कोरी कॅसेट ऐकवा."

दुकानदाराला काही उमजेना. कोऱ्या कॅसेटमध्ये काय ऐकायचं? भागीरथाबाईंनी समजावून सांगितलं, की एक मिनिट कोणी बोलायचं नाही, मशीन आपलं रेकॉर्ड करेल, आणि मग ते एक मिनिट आम्हाला ऐकवायचं. दुकानदार म्हणाला, बाई, आजवर मी मशीन विकली ती वाजते म्हणून, वाजत नाही म्हणून कोणी घेतली नाही. पण केलं त्यानं. एक मिनिट दुकान गप्प. टेप उलटी फिरवून लावली तर त्यात पंखा, रस्त्यावरचा रिक्षा, दुकानदारानं दाबून धरलेली शिंक, आणि या सगळ्याच्या खाली घर्र घर्र. रुख्मिणीनं मान हलवली.

दुसऱ्या दुकानात देवरावांचा जीव जडला. काय ते मशीन! रेडिओ, टेप, दोन स्पीकर, आणि आवाजाबरोबर नाचणारे लाल-हिरवे दिवे. देवरावांनी कॉमेंट्रीचं स्टेशन लावूनही पाहिलं. त्यांचा चेहरा पाहून भागीरथाबाईंना दया आली, त्या रुख्मिणीला हळूच म्हणाल्या, बघ ना वं, हे तरी बरं निघते का. रुख्मिणीनं कोऱ्या कॅसेटचं मिनिट ऐकलं, दोनदा ऐकलं, काकांसाठी म्हणून तिसऱ्यांदाही ऐकलं. मग म्हणाली, काका, याच्या पोटात माशी आहे. देवराव मशीनवरून हात काढून घेऊन एकटेच बाहेर जाऊन उभे राहिले.

दुपार झाली. पाच दुकानं झाली. सीताबर्डीत तोवर बातमी पसरली होती की कोणी दोन बाया रिकामी टेप ऐकत हिंडत आहेत, आणि एका पोऱ्यानं तर हसत हसत पुढच्या गल्लीतल्या भैयाजीचं दुकान दाखवलं, की तो तुमच्यासारखाच आहे. भैयाजी रेडिओ-टेप दुरुस्त करायचा. विकायचा कमीच. रुख्मिणीनं मागणी सांगितली तेव्हा तो हसला नाही. त्यानं टेबलफॅन बंद केला, दार लोटलं, शेजारच्या शिंप्याला ओरडून सांगितलं की एक मिनिट मशीन थांबव गा, आणि मागच्या फळीवरून एक धूड काढून टेबलावर ठेवलं.

रेडिओ नाही. दिवे नाहीत. एकच स्पीकर, वरच्या बाजूला जाळी, करडा रंग, आणि वजन एवढं की दगडी पाटा उचलल्यासारखं वाटावं. म्हणून दोन वर्षं कोणी हात लावला नव्हता. पण माईक वेगळा, चांगल्या लांब वायरचा. भैयाजीनं कॅसेट घातली, बटण दाबलं आणि गप्प बसला. शिंपी गप्प. देवराव गप्प. मिनिट संपलं, टेप मागे घेतली, पुन्हा बटण दाबलं. रुख्मिणी कान लावून बसली. बसली ती बसलीच.

शेवटी तिनं विचारलं, "भाऊ, लावता ना?"

"लावून मिनिट होऊन राहिला बाई," भैयाजी म्हणाला.

रुख्मिणीच्या तोंडावर जे हसू आलं ते बघून भागीरथाबाईंनी भर दुकानात टाळी वाजवली. बाहेरून शिंपी विचारतो, आता शिवू का? देवरावांनी तेवढ्यात भैयाजीला खालच्या आवाजात विचारून घेतलं, की याला रेडिओ बसवता येईल का. भैयाजीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी मुकाट्यानं पैसे काढले. काही खोट निघाली तर आठ दिवसांत आणा, एवढं मात्र भैयाजीनं सांगितलं.

आता घरात नवी वस्तू आली, तीही अशी गुणाची, आणि दिवस हळदीकुंकवाचे. भागीरथाबाईंनी मशीन पाटावर ठेवलं, पाटाभोवती रांगोळी काढली, मशीनला हळदकुंकू वाहिलं, कुंकवात भिजवलेल्या अक्षता वाहिल्या, तिळगूळ ठेवला. संध्याकाळी बोलावलेल्या बाया आल्या. त्यांनी एकमेकींना हळदकुंकू लावलं आणि जाता जाता मशीनलाही चार चार अक्षता वाहिल्या. इतक्या कौतुकात तर भागीरथाबाईंची सूनही घरात आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पूर्वेच्या खिडकीत ऊन आल्यावर, भागीरथाबाईंनी भिंग हातात घेतलं आणि इतिहासाचा पहिला धडा वाचला. रुख्मिणीनं ऐकायला लावला. चेहरा पडला.

टिक. थोडं थांबून, टिक. पुन्हा टिक.

भिंतीवरचं घड्याळ उतरवून स्वयंपाकघरात डब्यात ठेवलं. टिक. देवरावांचं मनगटी घड्याळ शेजारी जिजाबाईकडे पाठवलं. टिक. भागीरथाबाईंनी बांगड्या काढून ठेवायला नकार दिला, मग त्यांवर रुमाल बांधून वाचलं. टिक. तीन प्लॉट पलीकडे एक गवंडी छिन्नीनं दगड घडवत होता, देवराव त्याला जाऊन थांबवून आले, त्यासाठी त्याला चहा पाजावा लागला. टिक ती टिकच. चार दिवस असे गेले. मशीनच बिघडकं निघालं, दुसरं काय! भागीरथाबाई आतून पार हादरल्या. ऑपरेशनला एकोणीस दिवस राहिले होते, डोळ्यांपुढचा धूर रोज वाढत होता आणि तीन पुस्तकांतलं एकही पान टेपमध्ये गेलेलं नव्हतं. देवरावांना मात्र कुठेतरी पालवी फुटली होती. परत तर करावंच लागेल, मग ते दिव्यांचं आहे का अजून बघू, असं ते अगदी सहज म्हटल्यासारखं म्हणाले.

भागीरथाबाईंनी मशीन चादरीत बांधायला घेतलं. रुख्मिणी शेजारी बसली होती. गाठ मारायला मशीन जरा कलतं केलं, तेवढ्यात तिनं भागीरथाबाईंचा हात धरला. पुन्हा कलतं करा म्हणाली. पुन्हा केलं. तिनं मशीनला कान लावला.

"काकू, याच्यात तांदूळ आहे," ती म्हणाली. "पत्र्यावरून तांदूळच असा घरंगळते. मी रोज निवडून राहते, मले वळखू येत नाही का?"

भागीरथाबाईंचा हात तोंडावर गेला. देवरावांनी ताट आणलं. दोघांनी मिळून मशीन उलटं धरलं, वरच्या बाजूची जाळी खाली, आणि देवरावांनी त्याच्या पाठीवर हळूहळू थापट्या मारल्या. पहिल्यांदा काही नाही. मग ताटात टण् झालं. कुंकवानं लाल झालेला एक दाणा. चार दिवस फिरत्या चाकाला घासून त्याचं एक टोक सपाट झालं होतं, रुख्मिणीनं ते बोटानं चाचपून पाहिलं. भागीरथाबाई तिथंच भिंतीला टेकून बसल्या आणि पोट धरून हसल्या, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी काढलं. वाहिलेली अक्षता केरात कशी टाकायची, म्हणून त्यांनी तो दाणा कुंकवाच्या करंड्यात ठेवून दिला. देवरावांनी चादर सोडून घडी केली. दिव्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

मग सुरू झाले ते एकोणीस दिवस. सकाळी ऊन खिडकीत आलं की वाचन, ते सरकेपर्यंत. दुपारी मागच्या अंगणात पुन्हा उन्हात. एका हातात भिंग, समोर माईक, मशीन वायर पुरेल तेवढं दूर. देवराव फाटकापाशी खुर्ची टाकून बसायचे आणि भाजीवाल्याला लांबूनच हातानं परत पाठवायचे. घरात ते अनवाणी चालायला शिकले. आणि भागीरथाबाई वाचताना आपली मतं मांडतच राहिल्या. इतिहासात कुठल्याशा सुलतानानं राजधानीच हलवायची ठरवली, सगळ्या लोकांना बाडबिस्तऱ्यासह शेकडो कोस चालवलं, हे वाचलं आणि त्या थांबल्या. म्हणाल्या, "आता काय म्हणावं या माणसाले! शहर म्हणजे काय संत्र्याची पेटी आहे, इथून उचलली अन् तिथं ठेवली? पेटी हलवतानाबी खाली वाळल्या गवताचं तणस टाका लागते." आणि पुढचं वाचायला लागल्या. देवरावांनी बाहेरून खूण केली की हे पुसून पुन्हा वाच. वेळ कुठे होता पुसायला? राहू दिलं.

सात फेब्रुवारीला शेवटची चार पानं उरली. भिंगाखालीही अक्षरं एकमेकांत मिसळायला लागली होती. भागीरथाबाई अडल्या. मग देवराव येऊन शेजारी बसले, पुस्तक आपल्या हातात घेतलं, आणि एकेक वाक्य त्यांच्या कानात कुजबुजायला लागले. ते कुजबुजायचे आणि भागीरथाबाई मोठ्यानं म्हणायच्या. चार पानं अशी झाली, आणि देवरावांना एकदाही झोप आली नाही. मशीन एवढं शांत, की त्या टेपवर आधी देवरावांची कुजबुज येते आणि मागून काकूंचा आवाज. रुख्मिणीला ती टेप सगळ्यांत आवडायची.

ऑपरेशन झालं. डोळ्यांना पट्टी बांधून भागीरथाबाई घरी पडून राहिल्या, आणि शेजारच्या घरातून दिवसभर स्वतःचाच आवाज त्यांच्या कानावर पडायला लागला. त्यांना लाज वाटायची. इतक्या मोठ्यानं वाचते का मी, असं त्या देवरावांना विचारायच्या. देवराव म्हणायचे, काटोलच्या बगीच्यात असशील अजून.

पट्टी सुटली, पण वाचन बंदच होतं, आणि परीक्षा आली. रुख्मिणी उत्तरं सांगायची आणि दहावीतली देवकी नावाची मुलगी लिहायची, अशी विद्यापीठाची परवानगी होती. इतिहासाच्या पेपराच्या दिवशी रुख्मिणी थेट भागीरथाबाईंकडे आली आणि सांगायला लागली. प्रश्न नेमका त्या सुलतानाचाच आला होता. ती भराभर सांगत गेली, टेप मनात जशी वाजत होती तशी, आणि देवकी मध्येच थांबली. तिनं विचारलं, ताई, हे 'संत्र्याची पेटी' लिहायचं का? रुख्मिणी म्हणाली, लिही. मग तिनं विचारलं, आणि तणस? रुख्मिणी म्हणाली, तेही लिही.

भागीरथाबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. त्यांनी कपाळावर हात मारला. एवढी अडीच वर्षं, एवढी धडपड, आणि शेवटी माझ्या चोंबडेपणानं पोरीचा पेपर गेला, असं त्यांच्या मनानं घेतलं. रुख्मिणी कितीही समजावू दे, त्यांना ते पटेना. दोन महिने त्यांनी शेजारच्या घराकडे तोंड केलं नाही. जिजाबाईनं कढी पाठवली तरी देवरावांनी जाऊन भांडं परत करायचं. बाई सुकून गेल्या.

जूनमध्ये निकाल लागला. पेपरात नंबर देवरावांनी शोधला आणि पोस्टातून तार घेऊन आल्यासारखे पेपर हातात घेऊन पळत शेजारी गेले. पास, सेकंड क्लास. भागीरथाबाईंना बरं वाटलं, पण मार्कशीट येईपर्यंत त्यांनी सुटकेचा श्वास सोडला नाही. दहा दिवसांनी ती आली, तोवर त्यांच्या नाकावर जाड भिंगांचा चष्माही आला होता. त्यांनी स्वतः मोठ्यानं वाचली. राज्यशास्त्र बावन्न, समाजशास्त्र एकावन्न. इतिहास अडुसष्ट. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा वाचलं. अडुसष्टच होते.

मग त्यांना थांबवणार कोण? पाट मांडला, रुख्मिणीला बसवलं, निरांजन लावलं. चष्म्यातून पोरीचा चेहरा त्यांना पहिल्यांदाच इतका स्वच्छ दिसत होता, डाव्या गालावरचा तीळसुद्धा. करंडा उघडून कपाळावर कुंकू लावलं, आणि त्या कुंकवावर एकच अक्षता चिकटवली.

रुख्मिणीनं बोटानं कपाळ चाचपलं. बोट त्या दाण्यावर थांबलं, त्याच्या सपाट टोकावरून फिरलं, आणि पुन्हा फिरलं.

"काकू, हा तोच आहे काय?"

"तोच आहे वं," भागीरथाबाई म्हणाल्या. "तेव्हा चुकीच्या कपाळावर पडला होता."